लहानपणीच्या सुट्टीच्या गावी, फक्त दोन दिवस: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की लहानपणी सुट्टीत जिथे जायचात तिथेच आता घरच्यांना घेऊन शनिवार-रविवार जायचं म्हटलं तर काय अडतं, ते लिहून पाठवा. पत्रं आली, मेल आले, एक तर चक्क पोस्टकार्ड आलं. बहुतेकांचं गाव माथेरान निघालं, म्हणून या वेळी माथेरानला जागा जास्त दिलीये, महाबळेश्वर आणि कोकणवाल्यांनी रागावू नये, तुम्हीही आहात खाली.

प्रश्न: ताई, आम्ही दर मे महिन्यात माथेरानला जायचो. बाबांच्या ओळखीतून एका पारशी बंगल्याचं आऊटहाऊस मिळायचं, आठ-दहा दिवस तिथेच मुक्काम. आता आई पंच्याहत्तरीची आहे, भाऊ पुण्यात, त्याची दोन आणि माझी दोन मुलं, सगळ्यांनी एकदा मिळून जायचं ठरतंय. पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाऊ रोज पॉइंटची यादी टाकतो, वहिनी हॉटेलच्या लिंक टाकते, माझा मोठा मुलगा विचारतो वायफाय आहे का. मला फक्त निवांत बसायचंय. दोन दिवसांत ते जमेल का, आणि गेल्यावर सगळं बदललेलं बघून उगीच वाईट तर नाही ना वाटणार?
(डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर: आधी भावाच्या यादीचं बघू. माथेरानला पॉइंट तिसाच्या वर आहेत म्हणतात, आणि लहानपणी तुम्ही ते सगळे "केले" असं जे आठवतंय ते आठ-दहा दिवसांत मिळून केलेले होते, रोज एखादा, तोही दुपारची झोप झाल्यावर. तेच आता शनिवारी दुपारी पोचून रविवारी चारला निघायचं या हिशोबात कोंबलं की मग सुट्टी राहत नाही, मोहीम होते. म्हणून भावाला सांगा की दोन निवड, जास्त नाही. माझं मत विचाराल तर संध्याकाळी पॉर्क्युपाईन पॉइंट, म्हणजे ज्याला सगळे सनसेट पॉइंट म्हणतात तो, समोर प्रबळगड आणि त्याच्या मागे सूर्य जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याआधी शार्लोट लेकपर्यंत चालत जाऊन यायचं, शेजारीच पिसरनाथाचं देऊळ आहे, आईंनाही बरं वाटेल. पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय सुंदर असतो यात वाद नाही पण तो उत्तरेच्या टोकाला, बाजारापासून लांब, अंधारात उठून निघावं लागतं आणि चार मुलांना त्या वेळी उठवणं म्हणजे दिवसाची सुरुवातच भांडणाने. ज्याला हौस आहे त्याने एकट्याने जावं, बाकीच्यांनी झोपावं.

आता निवांतपणाचं. तुम्ही लिहिलंय की तेव्हा किती निवांत असायचं सगळं. असायचं ना, पण कुणाला? तुमच्या आईला विचारा एकदा. त्या आऊटहाऊसमध्ये स्टोव्ह कोण पेटवत होतं, डोंबिवलीहून तांदूळ, मेतकूट, लोणचं, चहाची पावडर, दळलेलं पीठ ट्रंकेत भरून कोण आणत होतं, आणि तुम्ही पोरं संध्याकाळी लाल मातीने गुडघ्यापर्यंत माखून आलात की ते मोजे कोण घासत बसायचं? तो लाल रंग जात नाही हो पांढऱ्या मोज्यांचा, कायमचे नारिंगी होतात. बाबा वऱ्हांड्यात आरामखुर्चीत पेपर वाचायचे आणि आई तीच कामं डोंगरावर जाऊन करायची, फक्त नळाला पाणी कमी. तर या वेळी निवांत व्हायची पहिली पाळी त्यांची, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते जमवायचं तर एकच गोष्ट करा, जेवणखाण धरून असलेलं हॉटेल घ्या, "किचन वापरता येईल" असला बंगला अजिबात घेऊ नका. वहिनीच्या लिंकमध्ये स्विमिंग पूल आहे की नाही हे नंतर बघा, आधी बघा की वऱ्हांडा आहे का, खोल्या तळमजल्यावर आहेत का, आणि हॉटेल बाजारापासून किती लांब आहे, कारण तिथे तुमची गाडी दारापर्यंत येत नाही हे पुण्याहून येणारे विसरतात. चेक-आऊट किती वाजता तेही विचारून घ्या, डोंगरावरच्या पुष्कळ हॉटेलांत ते सकाळी लवकर असतं आणि मग रविवारची अख्खी दुपार बॅगा घेऊन बाजारात काढावी लागते.

बदललंय का? हो, बदललंय. बाजार भरलाय, हॉटेलं वाढलीत, दस्तुरी नाक्याकडून येणाऱ्या मुख्य रस्त्यावर ठिकठिकाणी पेव्हर ब्लॉक आलेत, शनिवारी गर्दी बघून तुम्ही म्हणाल की अर्धं ठाणे इथेच आलंय. पण वाहनबंदी आहे, हे काही थोडं नाही. २००३ मध्ये केंद्राने माथेरान आणि आजूबाजूचा परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला, त्यामुळे दस्तुरीच्या पुढे आपल्या गाड्या नाहीत, हॉर्न नाही. बाजार सोडून डावी-उजवीकडे कुठल्याही पायवाटेला लागलात की पाचच मिनिटांत तुमचं जुनं माथेरान भेटेल, तीच माती, तीच सावली. जुना बंगला शोधायला मात्र पहिल्याच दिवशी जाऊ नका. रविवारी सकाळी लेकवरून येताना वाटेत असला तर डोकवा. कुलूप असेल, छप्पर बसलेलं असेल, किंवा नवीन हॉटेलचा बोर्ड असेल, जे असेल ते बघून अर्ध्या तासात तुम्ही नाश्त्याच्या टेबलावर असाल.

आणि मोठ्याला सांगा वायफाय आहे, हॉटेलात असतंच बहुतेक. ते चालतं की नाही हा वेगळा विषय.

प्रश्न: मुलीला मिनी ट्रेननेच जायचंय, ती हट्टाला पेटलीये. मधे गाडी बंद होती ना? आता सुरू आहे का, आणि तीच गाडी आहे का?
(ठाण्याहून एक बाबा)

उत्तर: सुरू आहे, पण या गाडीचा स्वभाव माहीत करून घ्या. अडमजी पीरभॉय या मुंबईच्या उद्योगपतींच्या पैशावर त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांनी ती बांधली, १९०७ साली सुरू झाली, खर्च आला १६ लाख रुपये, तेव्हाचे. रूळ दोनच फूट रुंदीचे, नेरळपासून साधारण २१ किलोमीटर, आणि तेवढ्याला जवळजवळ अडीच तास लागतात कारण डोंगर इतका उभा आहे की गाडी सरळ चढूच शकत नाही, वळणं घेत घेत जाते. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज. एक छोटासा बोगदा लागतो त्याचं नाव वन किस टनेल, मुलगी किती मोठी आहे लिहिलं नाहीत, नावाचं कारण विचारेल तेव्हा तुम्हीच बघून घ्या.

बंद पडण्याचं म्हणाल तर २६ जुलै २००५ च्या पावसाने रूळच वाहून गेले, दोन वर्षांनी गाडी परत आली. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर पुन्हा बंद, मग सुरू, मग २०१९ च्या पावसात परत मार्ग खचला आणि ऑक्टोबर २०२२ ला नेरळहून पुन्हा सुटायला लागली. पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज हा खालचा भाग बंदच ठेवतात, वरची अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालते.

डबे छोटे, जागा मोजक्या, आणि शनिवारी सकाळी नेरळच्या खिडकीवर जी रांग असते ती बघून पुष्कळ बाबा मुलांना वडापाव घेऊन देतात आणि टॅक्सी स्टँडकडे वळतात. म्हणून निघण्याआधी वेळापत्रक बघाच, ते बदलत राहतं, आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की खालून नाही मिळाली तर वरून शटलने जाऊ. शटलचा प्रवास अगदी छोटा आहे पण गाडी तीच, शिट्टी तीच, झाडं खिडकीतून हाताला लागतील इतकी जवळ (हात बाहेर काढू देऊ नका). अजून एक युक्ती, जाताना टॅक्सीने जा आणि परतीला नेरळपर्यंत गाडी मिळते का बघा. चढताना सगळ्यांना पोचायची घाई असते, उतरताना मुलं दमलेली असतात, खिडकीला टेकून गप्प बसतात. फक्त उशिराची गाडी धरू नका, खाली कर्जत-सीएसएमटी लोकलला रविवारी संध्याकाळी काय होतं ते ठाणेकरांना मी काय सांगणार.

प्रश्न: आईबाबा दोघेही सत्तरीपुढचे. दस्तुरीपासून चालणं जमणार नाही. लहानपणी आजीला हातरिक्षात बसवून नेलेलं आठवतंय पण आता माणसाने ओढलेल्या रिक्षात बसवायला मनाला पटत नाही. मग न्यायचं कसं?
(पनवेलहून एक वाचक)

उत्तर: तुम्हाला पटत नाही ते सर्वोच्च न्यायालयालाही पटलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि जी माणसं त्या ओढत होती त्यांनाच ई-रिक्षा भाड्याने मिळतील अशी योजना करा. ई-रिक्षा त्याआधीच, २०२२ च्या डिसेंबरपासून, प्रयोग म्हणून आल्या होत्या, गावातल्या शाळेच्या पोरांची रोजची तंगडतोड त्यामुळे वाचली हे मला सगळ्यात आवडलेलं. तर दस्तुरीला उतरल्यावर पहिली चौकशी ई-रिक्षाची करा. मात्र गर्दीच्या दिवशी थांबावं लागू शकतं, म्हणून हॉटेलवाल्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा की सोबत ज्येष्ठ आहेत, ते व्यवस्था सुचवतात.

दुसरा मार्ग शटलचा, अमन लॉज स्टेशन दस्तुरीपासून जवळच आहे आणि गाडी थेट बाजारात उतरवते. हॉटेल बाजाराजवळचं घेतलंत तर प्रश्नच मिटला. घोडा ज्येष्ठांसाठी नको, आजोबा "मी बसतो की" म्हणतील, तरी नको. सामानाला हमाल आहेत, दर आधी ठरवा आणि घासाघीस फार करू नका, तुमची ती चाकाची बॅग या रस्त्यावर ओढून बघा म्हणजे कळेल ते पैसे कशाचे घेतात.

प्रश्न: घरातले सगळे मागे लागलेत, आई तू चलच, तुझ्यासाठीच ठरवलंय. मी नको म्हटलं तर रुसतात. पण मला माहितीये काय होणार, सकाळी उठून चहा कोण टाकणार मीच, नातवाचं दूध मी, "आई माझा टॉवेल कुठे" मलाच. त्यापेक्षा हे सगळे गेल्यावर घरात एकटीला दोन दिवस मिळाले तर तो माझा वीकेंड. असं वाटणं चुकीचं आहे का? (नाव छापू नका.)

उत्तर: नाव छापलेलं नाही. आणि चुकीचं कसलं, या पत्रावर आमच्या ऑफिसात दोन जणींनी सही करायची तयारी दाखवली.

दोन रस्ते आहेत. एक, खरंच जाऊ नका. डोकं दुखतंय वगैरे कारणं देत बसू नका, सरळ सांगा की मला दोन दिवस घरी एकटीला राहायचंय, मला ते आवडतं. रुसतील, स्टेशनला पोचेपर्यंत विसरतील. दुसरा, जायचं पण अटी घालून, आणि त्या निघायच्या आधी, कारण तिथे गेल्यावर घातलेल्या अटी कुणी ऐकत नाही. माझी बॅग फक्त माझ्या कपड्यांची, बाकी कुणाचं औषध, चार्जर, खाऊ, बाळाचं दूध माझ्याकडे नाही. नातू रात्री त्याच्या आईबापाच्या खोलीत. चहा हॉटेलचा, कसाही असला तरी. हे शेवटचं तुम्हालाच जड जाणार बघा, तो टी-बॅगचा फिका चहा बघून तुमचे हात शिवशिवतील, "द्या हो मी करते" असं किचनमध्ये जाऊन म्हणाल, तिथेच सगळं बिघडतं. अजिबात जायचं नाही किचनमध्ये.

मुलांना एक सांगते, हे वाचत असाल तर. आईसाठी म्हणून ट्रिप ठरवता तेव्हा ठिकाण तिला विचारलं होतंत का? तुमच्या लहानपणीचं सुट्टीचं गाव हे तुमच्या लहानपणीचं असतं, तिच्या नाही. तिचं कदाचित वाईला असेल नाहीतर हरिहरेश्वरला, कधी विषयच निघाला नसेल.

प्रश्न: आमचं लहानपण महाबळेश्वरचं. एसटीने जायचो, वेण्णा लेकवर घोडा, मक्याचं कणीस, परत. मागच्या दिवाळीत गेलो तर पाचगणीपासूनच गाड्या ठप्प, मुलं कंटाळून रडकुंडीला, लेकला पोचलो तेव्हा अंधार. पुन्हा जायची इच्छा आहे पण हिंमत नाही.
(कोल्हापूरहून एक वाचक)

उत्तर: दिवाळीत अख्खा महाराष्ट्र आणि अर्धा गुजरात तिथे असतो हो. मुलांच्या शाळेला चालत असेल तर गुरुवार-शुक्रवार जा, किंवा जानेवारीच्या शेवटी, फेब्रुवारीत एखादा साधा, सणवार नसलेला आठवडा बघा, स्ट्रॉबेरी तेव्हा भरपूर असते आणि थंडीही जरा बोचरी, शाल काढायला निमित्त. तुम्ही कोल्हापूरहून येताय म्हणजे साताऱ्याहून मेढा-केळघर घाटाने वर चढता येतं, वाई-पसरणी-पाचगणीची कोंडी टळते. रस्त्याची अवस्था तेवढी निघण्याआधी विचारून घ्या.

पण मी तुमच्या जागी असते तर मुक्कामच वर केला नसता, वाईत केला असता. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीकाठची ती मोठी घंटा, मुलं घाटाच्या पायऱ्यांवर तासभर बसतात, कुणाला काही "दाखवावं" लागत नाही. मग एक दिवस सकाळी लवकर, म्हणजे खरोखर लवकर, साडेपाचला गाडी काढून वर जा. विल्सन पॉइंटला सूर्योदय, ती तिथली सगळ्यात उंच जागा, १४३९ मीटर, मग क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी गोमुखातून येतं ते मुलांना ओंजळीत धरू द्या, बर्फासारखं गार असतं सकाळी. तिथून आर्थर सीट जवळ. आम्ही लहान असताना तिथून हलकी वस्तू खाली टाकली की वाऱ्याने परत वर यायची आणि तो खेळ तासन्‌तास चालायचा, आता कृपा करून बाटलीची झाकणं टाकू नका, दरीत आधीच ढीग आहे. अकरा वाजता, म्हणजे बाकीचे लोक वेण्णा लेकच्या ट्रॅफिकमध्ये शिरत असतील तेव्हा, तुम्ही खाली उतरायला लागलेले असाल. घोडा हवाच असेल तर लेकवर सकाळीच उरकून घ्या. कणीस मात्र संध्याकाळचं ते संध्याकाळचंच, ते वाईत नदीकाठी खा, कुणाला कळणार नाही.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. डिसेंबरमध्ये येतोय, मुलं १० आणि १३. माझं आजोळ दापोलीजवळ, मुरूड-आंजर्ल्याच्या पट्ट्यात. आजी-आजोबा गेले, मामा मुंबईला, घराला कुलूप. मुलांना एक वीकेंड तिथे नेऊन दाखवायचंय की मी इथे मोठी झाले. मुलं म्हणतात तिथे करायचं काय?

उत्तर: आधी वीकेंडचं गणित. मुंबईहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, रस्ता बरा असला तरी सहा-सात तास सहज, त्यात तुम्ही जेटलॅग घेऊन आलेले. शुक्रवारी रात्री निघून रविवारी परत असं करू नका, तीन रात्री तरी काढा. कोकण रेल्वेने खेडला उतरून तिथून गाडी करणं मला जास्त पटतं, तिथून दापोली तासाभराच्या अंतरावर, आणि मुलांना बोगदे मिळतात.

घर उघडून राहायचा विचार करू नका. बंद घर उघडणं म्हणजे पहिला दिवस जाळी काढण्यात, दुसरा दिवस पंप का चालत नाही यात, आणि साप-विंचू वेगळे. शेजारच्या वाडीत घरगुती राहायची सोय करणारे आता भरपूर आहेत, तिथे उतरा, सकाळी घावन-चटणी, दुपारी मासे नाहीतर मोदक, सोलकढी. आणि मामाला सांगून किल्ली मात्र घेऊन या. एका दुपारी दार उघडा, ओटीवर बसा, मुलांना विहीर दाखवा, माळ्यावर काय आहे ते बघू द्या त्यांनाच. तुम्ही सोबत गाइडसारखं बोलत राहू नका, तेरा वर्षांच्या मुलाला "इथे मी पडले होते, इथे आजी बसायची" हे दहा मिनिटांच्या वर झेपत नाही. शेजारच्या काकू येतीलच गडग्यापलीकडून, "अगो तू कधी आलीस" म्हणत, आणि त्या तुमच्या लहानपणाबद्दल जे सांगतील ते मुलं कान टवकारून ऐकतील कारण त्यात तुम्ही ओरडा खाल्लेला असतो.

करायचं काय याचं उत्तर हर्णै. दुपार टळली की बंदरावर मासळीचा लिलाव लागतो, बोटी लागतात, बैलगाड्या पाण्यात शिरून टोपल्या आणतात, बोली इतकी भराभर चालते की मराठी येणाऱ्यालाही कळत नाही, त्यामुळे तुमची मुलं आणि तुम्ही एकाच पातळीवर. वास येईल, नाक धरतील, तरी हलणार नाहीत तिथून. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, कान्होजी आंग्रेंचं नाव निघतंच, समुद्र शांत असेल तर होडीने जाता येतं. एक दिवस आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, वरून खाडी आणि माडांची रांग दिसते. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव, मोठ्या मुलाला सांगून ठेवा, पुढे कधीतरी उपयोगी पडेल. आंबे डिसेंबरमध्ये नाहीत, फार तर कुठेतरी मोहोर, आणि कासवांची पिल्लं बघायची तर फेब्रुवारीनंतर यावं लागतं, ही आशा आधीच लावू नका. किनाऱ्यावर भाड्याची गाडी घालू नका वाळूत, दर वीकेंडला कुणाची तरी रुततेच आणि भरती काही थांबत नाही कुणासाठी.

प्रश्न: टीनएजर मुलांना दोन दिवस मोबाईलपासून लांब कसं ठेवायचं? जप्त करू का?
(नाशिकहून एक आई)

उत्तर: जप्त नका करू, मग ती दोन दिवस फक्त त्याच विषयावर बोलतील. पत्त्यांचे दोन कॅट न्या. जेवणं झाली की मोठ्यांनीच खेळायला बसायचं, मुलांना बोलवायचंच नाही. मेंढीकोट जरा शांत खेळ आहे, मुलं ओढायची तर गड्डा झब्बू लावा आणि आजोबांना मोठ्याने चिडू द्या, आजोबा हरत असताना ओरडतात तो आवाज दुसऱ्या खोलीत गेला की पहिलं कार्टं दारात येऊन उभं राहतं, "काय चाललंय?" पुढचं तुम्हाला माहितीये. आणि हो, मोबाईलवर तुम्ही स्वतः किती वेळ असता तेही मुलं मोजतात, मला एका भाचीने आकडा सांगितला होता, इथे छापत नाही.

प्रश्न: जुलैत माथेरानला गेलं तर चालेल का? स्वस्त मिळतंय.
(कल्याणहून)

उत्तर: चालेल, पण स्वस्त का मिळतंय ते कळायला हवं. धुकं असं की पॉइंटवर उभं राहून समोर पांढरं सोडून काही दिसत नाही, पाऊस दोन-दोन दिवस थांबत नाही, काही हॉटेलं बंद असतात, नेरळहून गाडी नाही, आणि कपडे वाळत नाहीत म्हणजे नाहीतच. ज्यांना वऱ्हांड्यात बसून नुसता पाऊस बघायचा आहे, भजी खायची आहेत, पुस्तक वाचायचंय, त्यांच्यासाठी याहून चांगला महिना नाही. ज्यांना मुलांना "फिरवायचंय" त्यांनी ऑक्टोबरच्या शेवटी जावं, हिरवळ असते आणि पाय घसरत नाहीत. पावसात दरीच्या कडेला, कठडा असला तरी, सेल्फी नको, जांभा दगड शेवाळलेला असतो. छत्री वाऱ्यात उलटी होते, रेनकोट न्या, प्रत्येकाला चपलांचा जास्तीचा एक जोड आणि मोजे भरपूर, पांढरे सोडून कुठलेही.

प्रश्न: माकडांचं काय करायचं? मागच्या वेळी बायकोच्या हातातून चिक्कीचा अख्खा बॉक्स नेला.
(बदलापूरहून)

उत्तर: काही नाही करायचं, चिक्की गेली. ओढाओढ करू नका, चावतात, मग रविवार दवाखान्यात. खाऊ हातात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत दिसू द्यायचा नाही, चेनच्या बॅगेत तळाशी, आणि चिक्की-चपला ही खरेदी निघतानाच करायची, दोन दिवस मिरवायची नाही. खोलीची खिडकी उघडी टाकून जेवायला जाऊ नका, ती आत येऊन टूथपेस्टसुद्धा खाऊन बघतात. आणि आधीच्या पाहुण्यांनी कौतुकाने केळी भरवलेली असतात म्हणून ती तुमच्या अंगावर येतात, तेव्हा तुम्ही भरवू नका. बायकोला नवीन बॉक्स घेऊन द्या, या वेळी दोन.